न दिसणारा घाम

उन्हाळ्यात फिनिक्सला पोचलेल्या पाहुण्याला पहिल्या दोन दिवसांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : ‘इथली हवा कोरडी आहे, घाम येत नाही. आकडा मोठा दिसतो, पण त्रास होत नाही.’ यातला हवेचा भाग खरा आहे. घामाचा भाग मात्र साफ चुकीचा. घाम येतो, भरपूर येतो. फक्त तो दिसत नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या डोंगरांवर दर उन्हाळ्यात माणसे कोसळतात. त्यांची फसगत करणाऱ्या गोष्टींत या न दिसणाऱ्या घामाचा नंबर बराच वरचा आहे.

फिनिक्स आणि त्याला चिकटलेल्या चँडलर, टेंपी या शहरांत चिपचे कारखाने आणि सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या यांमुळे बरीच मराठी कुटुंबे आता राहतात. त्यांचे आईवडील पाहुणे म्हणून जातात ते बहुधा मे ते जुलै या महिन्यांत. नातवंडांना सुट्टी असते, आणि इकडचा उन्हाळाही चुकतो. उन्हाळा चुकवायला फिनिक्सला जाणे म्हणजे आगीतून फुफाट्यात, पण तिकीट काढताना ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग एखाद्या शनिवारी घरात बसून कंटाळा येतो, मुलगा किंवा सून म्हणते, ‘चला, साउथ माउंटनला जाऊन येऊ, पंधरा मिनिटांवर तर आहे.’

जाण्यासारखी जागा आहे यात वाद नाही. १९२४ साली फिनिक्स शहराने केंद्र सरकारकडून सुमारे १३,००० एकर डोंगराळ जमीन १७,००० डॉलरला विकत घेतली. आज हे उद्यान १६,००० एकरांहून मोठे आहे, आणि शहराच्या मालकीची जी उद्याने अमेरिकेत आहेत त्यांतल्या सर्वांत मोठ्यांपैकी ते एक आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या सरकारी योजनेतल्या बेरोजगार तरुणांनी इथल्या पायवाटा आणि बसायचे दगडी निवारे बांधले. डॉबिन्स लुकआउट या २,३३० फुटांवरच्या टेहळणीच्या जागेवरून अख्खे शहर खाली पसरलेले दिसते. त्याही आधीच्या, होहोकम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी कोरलेली कातळशिल्पे या डोंगरात जागोजागी आहेत. आजच्या अकिमेल ओओधम समाजासाठी हा डोंगर पवित्र आहे.

या जुन्या रहिवाशांकडे पाहिले की वैद्यकाच्या दृष्टीने एक गोष्ट ठळक दिसते. सवारो हा या वाळवंटातला प्रचंड उंच निवडुंग. त्याची फळे जूनच्या सुमारास, म्हणजे ऐन कोरड्या उन्हाळ्यात पिकतात. ओओधम लोक ती काढायला जातात ते पहाटे. ऊन चढायच्या आत काम उरकलेले असते. खुद्द सवारो आपली छिद्रे रात्री उघडतो आणि दिवसा मिटून घेतो. चकवाला नावाचा जाडजूड सरडा ऊन असह्य झाले की खडकाच्या फटीत शिरतो. कोल्हेकुई असो की घुबडाचा घुत्कार, तिथल्या उन्हाळ्यातली बरीचशी वर्दळ अंधार पडल्यावरची. सकाळी अकरा वाजता चढणीवर दिसणारा एकमेव प्राणी म्हणजे टोपी घालून, हातात अर्ध्या लिटरची बाटली घेऊन निघालेला माणूस.

त्या माणसाच्या शरीरात काय चाललेले असते, हे थोडे सविस्तर पाहायला हवे.

चढताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो. उरलेली सगळी उष्णता होते. सत्तर किलो वजनाचा माणूस बऱ्या वेगाने चढण चढत असेल, तर तासाला चारशेच्या आसपास किलोकॅलरी इतकी उष्णता त्याच्या आत तयार होते. ती बाहेर टाकता आली नाही, तर अर्ध्या तासात शरीराचे तापमान तीन अंश सेल्सिअसने वर जाईल. एरवी ही उष्णता त्वचेतून हवेत जाते, कारण हवा त्वचेपेक्षा थंड असते. पण त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा ४३ अंशांवर गेली की वाहतूक उलटी सुरू होते : हवाच शरीराला तापवू लागते, वरून ऊन, खालून तापलेला खडक. आता बाहेर पडायचा एकच रस्ता उरतो, तो घामाच्या वाफेचा. एक लिटर घाम वाळला की साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता तो घेऊन जातो. म्हणजे आतली आणि बाहेरून येणारी, अशी दोन्ही उष्णता काढायला तासाला एक ते दीड लिटर घाम लागतो.

मुंबईत घाम कपाळावरून डोळ्यांत उतरतो, सदरा पाठीला चिकटतो. तो त्रास देतो, पण सांगतो की पाणी चालले आहे. फिनिक्सच्या जूनमधल्या हवेत तो त्वचेवर येताक्षणी वाळतो. सदरा कोरडाच राहतो, फार तर काखेत मिठाचा पांढरा पट्टा उमटतो. थंडावा मिळतो, म्हणून बरेही वाटते. आणि या बरे वाटण्याच्या काळात लिटरभर पाणी निघून गेलेले असते.

‘तहान लागेल की’ असे यावर कुणी म्हणेल. तहान उशिरा लागते. शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी कमी झाल्यावर तिची जाणीव जोर धरते आणि साठीनंतर ती आणखी मंदावते. शिवाय आतडे तासाला लिटरभरापेक्षा फार जास्त पाणी शोषून घेऊ शकत नाही. दीड लिटर जाणार आणि एकच येणार, हा हिशेब कितीही पाणी बरोबर नेले तरी जुळत नाही. तो जुळवायचा असेल तर चालणे कमी करावे लागते किंवा वेळ बदलावी लागते. उलट घाबरून साधे पाणी ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम उतरते, डोके दुखते, उलटी होते, भोवळ येते. ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, म्हणून आणखी पाणी पाजले जाते. लांब चालायचे असेल तर पाण्याबरोबर मिठाचे काहीतरी पोटात जायला हवे. पुडीतले ओआरएस उत्तम, घरचे चिवडा-शेंगदाणेही चालतील.

आपल्याकडच्या माणसाला आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे अनुभव. ‘आम्ही नागपूरचे, सत्तेचाळीस अंश काढलेत’ किंवा ‘सिंहगड दर रविवारी चढतो, या टेकडीचे काय घेऊन बसलात’. डॉबिन्स लुकआउटची चढण सिंहगडाच्या पायवाटेच्या साधारण निम्मीच आहे, हे खरे. पण सिंहगड माणूस पहाटे पावसाळी हवेत किंवा थंडीत चढतो, आणि वर दही-ताक मिळते. नागपूरकर सत्तेचाळीस अंश काढतो ते पडदे ओढून, कूलरखाली, दुपारी बाहेर न पडण्याचा पिढीजात शहाणपणा पाळून. तो शहाणपणा तिथेही न्यायला हरकत नाही. नेला जातो तो फक्त अभिमान. (खिशातला कांदाही काही जण नेतात. कांद्याने उष्माघात टळत नाही. तो भाकरीबरोबर खाल्लेला बरा.)

उन्हाशी शरीर जुळवून घेते, हे मात्र खरे आहे. रोज थोडा वेळ उष्ण हवेत हालचाल केली तर साधारण सात ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्ताचे द्रवप्रमाण वाढते. पण हे वाहून नेता येत नाही. वातानुकूलित विमानतळ, गाडी आणि घर अशा साखळीत आठवडाभर राहिलेला पाहुणा, मग तो चंद्रपूरचा का असेना, डोंगराच्या पायथ्याशी जवळजवळ नवखाच असतो. त्यातून पहिल्या आठवड्यात झोपेचे घड्याळ उलटे झालेले असते.

आता सर्वांत काळजीचा भाग : गोळ्यांची डबी. पन्नाशी-साठीच्या पुढचे जे आईवडील जातात, त्यांच्या बॅगेत तीन महिन्यांची औषधे असतात. रक्तदाबासाठी दिलेल्या क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइडसारख्या गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गटातली औषधे पाणी कमी पडल्यावर मूत्रपिंडाला सावरून घ्यायची मुभा कमी करतात. मेटोप्रोलॉलसारखी औषधे नाडी वाढू देत नाहीत, आणि उन्हात त्वचेकडे जादा रक्त पाठवायला नाडी वाढणे गरजेचे असते. मधुमेहासाठी अलीकडे सर्रास दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन साखरेबरोबर पाणीही लघवीतून घालवते. वारंवार लघवीला जावे लागते म्हणून दिलेली काही औषधे आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या घामच कमी करतात. यातली एकेक गोळी निर्धोक आहे, गरजेची आहे. चार एकत्र घेऊन ४३ अंशांत चढण चढणे ही मात्र वेगळी गोष्ट. चढणीनंतर गुडघे दुखले म्हणून घेतलेली आयबुप्रोफेन त्यात पडली, तर मूत्रपिंड बंद पडण्याची तयारी पूर्ण होते.

म्हणून कुणी मनाने गोळी बंद करायची का? अजिबात नाही. रक्तदाबाची गोळी परदेशात एकाएकी सोडून झालेले पक्षाघात कमी धोक्याचे नसतात. जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना ‘अमेरिकेला चाललोय’ एवढेच न सांगता ‘जूनमध्ये वाळवंटात चाललोय’ असे सांगावे. कोणत्या दिवशी कोणती मात्रा कमी करायची, हे ते पाच मिनिटांत लिहून देऊ शकतात. सरकारी दवाखान्यातही, रांग कितीही मोठी असली तरी, एवढे विचारता येते. आणि इन्सुलिन घेत असाल तर ते पार्किंगमधल्या गाडीत ठेवू नये. बंद गाडीत त्याचा निकाल लागतो.

फिनिक्सने या बाबतीत जे केले आहे त्यावर तिथे बरीच वादावादी झाली. २०१६ मध्ये शहराने नियम केला की तापमान १०० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअसच्या वर गेले की कुत्र्यांना डोंगरवाटांवर नेता येणार नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे नियम शास्त्राला धरून होता. पण माणसाला त्यानंतरही पाच वर्षे मोकळीक होती. मग २०२१च्या जूनमध्ये शहरातल्याच कॅमलबॅक या डोंगरावर अडकलेल्यांना सोडवायला गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाच उष्णतेचा त्रास झाला, काहींना रुग्णालयात न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात कॅमलबॅक आणि पिएस्टेवा पीक या दोन डोंगरांच्या अवघड वाटा, हवामान खात्याने तीव्र उष्णतेचा इशारा दिलेल्या दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवायला सुरुवात झाली. पुढे बंदची वेळ सकाळी ९ वर आणली गेली, आणि नंतर साउथ माउंटनमधल्या काही वाटाही त्या यादीत आल्या.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे साधे आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. डोंगर सार्वजनिक आहे. रोज चढणाऱ्या सरावलेल्या माणसाला चार बेफिकीर पाहुण्यांमुळे शिक्षा का? सज्ञान माणसाने आपला धोका आपण ठरवावा, सरकारने फाटक का लावावे?

वैद्यकाकडे याचे एक उत्तर आहे. सज्ञान माणसाचा निर्णय मानायचा तो त्याची विवेकबुद्धी शाबूत आहे म्हणून. उष्णतेत गडबडते ती आधी हीच. शरीराचे तापमान ३९-४०च्या दिशेने सरकू लागले की माणूस चिडचिडा होतो, हट्टी होतो, ‘अजून थोडेच उरलेय’ म्हणतो, बरोबरच्यांनी परत फिरायला सांगितले तर रागावतो. कड्यावर उभे राहून हे ठरवायचे असते त्याच मेंदूने, जो तापलेला आहे. रक्तदाब मोजता येतो, साखर मोजता येते, पण आपण भानावर नाही हे स्वतःला कळत नाही. दारू प्यालेल्याला गाडी चालवायची की नाही हे दारू प्यालेल्यावर सोपवत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. आणि सोडवायला जाणारे जवान तर स्वतःच्या हौसेने उन्हात गेलेले नसतात. जड सामान आणि एकचाकी स्ट्रेचर घेऊन त्यांना ती वाट चढावी आणि उतरावी लागते.

तेव्हा फाटक बरोबर आहे. तक्रार असलीच तर ती फाटक पाच वाजता उघडण्याबद्दल असावी. जूनमध्ये फिनिक्सचे तापमान दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान कळसाला पोचते आणि सूर्य साडेसातनंतर मावळतो. संध्याकाळी पाचला तापलेला खडक जराही निवलेला नसतो. पण मराठी माणसाच्या डोक्यात ‘संध्याकाळी पाच’ म्हणजे चहा घेऊन फेरफटक्याला निघायची वेळ. फाटक उघडलेले पाहून ही समजूत पक्की होते. बंदची वेळ सूर्यास्तापर्यंत न्यायला हवी. ती नेली जाईपर्यंत घरातल्यांनी ती मनाशी नेलेली बरी. आणि साउथ माउंटनमधल्या ज्या वाटांवर फाटक लागतच नाही, त्या वाटा उन्हाळ्यात सुरक्षित आहेत असा अर्थ कुणी काढू नये.

आकडे योग्य जागी ठेवायला हवेत. फिनिक्स ज्या मॅरिकोपा परगण्यात आहे तिथे २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्या उन्हाळ्यात शहराने सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानात काढले. पण त्या ६४५ मधले बहुसंख्य डोंगरावर गेलेले नव्हते. जवळजवळ निम्मे बेघर होते, त्यांना जायला सावलीच नव्हती. उष्णतेचा खरा घाला गरिबावर पडतो, तिथेही आणि इथेही. डोंगरावरचे मृत्यू संख्येने थोडे आहेत. त्यांच्याविषयी लिहायचे ते एवढ्यासाठी की त्यांतला जवळजवळ प्रत्येक टाळता येण्यासारखा असतो, केवळ घड्याळ पाहून.

तरीही कुणी कोसळले तर? डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, थकवा इथवर सावली, पाणी, मीठ आणि विश्रांतीने भागते. चढण मात्र तिथेच सोडायची. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला, नाव-गाव नीट सांगता येईना, की तो उष्माघात समजायचा. ‘अंग कोरडे पडले म्हणजेच उष्माघात’ हे जुने लक्षण इथे फसवते. चालताना झालेल्या उष्माघातात अंगाला घाम असू शकतो. ९११ला फोन करायचा आणि मदत येईपर्यंत वाट पाहत बसायचे नाही. सावलीत न्यायचे, जवळचे सगळे पाणी कपड्यांवर, मानेवर, काखेत ओतायचे, टोपीने, टॉवेलने वारा घालायचा. पाणी पाजायचे नाही, शुद्ध हरपत असलेल्याच्या श्वासनलिकेत ते जाते. पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही; हा ताप नव्हे. फिनिक्सच्या अग्निशमन दलाने २०२४ पासून अशा रुग्णाला बर्फ-पाण्याने भरलेल्या पिशवीत ठेवूनच रुग्णालयात न्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवणे, यावरच मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड वाचणे अवलंबून असते. आणखी एक : माणसाला तापलेल्या खडकावर किंवा डांबरावर पडू देऊ नये. भर दुपारी हा पृष्ठभाग ६५ अंशांच्या पुढे जातो, आणि त्यावर काही मिनिटे पडून राहिल्याने खोल भाजलेले रुग्ण तिथल्या भाजणे-विभागात दर उन्हाळ्यात येतात. खाली बॅग, चादर, जे असेल ते सरकवावे.

उन्हाळ्यातच जाणे झाले असेल, तर साउथ माउंटन पाहायचा सोपा मार्ग आहे, आणि ज्येष्ठांसाठी तोच योग्य आहे. डॉबिन्स लुकआउटपर्यंत डांबरी रस्ता जातो. जूनमध्ये तिथे सूर्य सव्वापाचच्या सुमाराला उगवतो. पहाटे गाडीने वर जावे, त्या नव्वद वर्षांच्या दगडी निवाऱ्यात बसून थर्मासमधला चहा घ्यावा, सात वाजायच्या आत उतरावे. ज्यांना चालायचेच आहे त्यांनी त्याच वेळात सपाटीवर चालावे, आणि बाटलीतले निम्मे पाणी संपले की जिथे असाल तिथून मागे फिरावे, कारण चढताना गार असलेली वाट उतरताना तापलेली असते. अगदी पहाटही नेहमी गार असतेच असे नाही. २०२३च्या जुलैत सलग सोळा रात्री पारा ३२ अंशांच्या खाली उतरलाच नव्हता. अशा दिवसांत चहा घरीच घ्यावा.

आणि तिकीट अजून काढायचे असेल तर नोव्हेंबर ते मार्चमधले काढावे. दिवसा वीसच्या आसपास तापमान असते, शाल लागते, डोंगर दिवसभर चालता येतो आणि कातळशिल्पांपाशी निवांत उभे राहता येते. नातवंडांना सुट्टी नसेल, पण शाळेतून ती तिसऱ्या प्रहरी घरी येतात, आणि हिवाळ्यात त्या वेळी आजोबांना त्यांच्याबरोबर डोंगराकडे निघता येते.